त्या बिया नव्हत्या

मित्रांनो, तुम्ही आत्ता या पिंजऱ्यापुढे आलात, काचेला नाक लावलेत आणि "हा तर रिकामाच आहे" असे म्हणून पुढे निघालात. जरा थांबा. रिकामा नाही, मी आहे. डावीकडून तिसरी काडी, जिला एकही पान नाही, ती मी.

मी एक म्हातारी काडीकिडा आहे. खरे तर काडीकिडी म्हणायला हवे, पण काचेवरच्या पाटीवर 'मोठा काडीकिडा' असेच लिहिले आहे आणि पाटी रंगवताना मला कोणी विचारले नाही. मोठ्या माणसाच्या कोपरापासून मनगटापर्यंत जेवढे अंतर, तेवढी माझी लांबी. पुढचे दोन पाय डोक्यापुढे ताणले की मी आणखी लांब दिसते. माझ्याहून दुप्पट लांबीचे भाऊबंदही जगात आहेत. सगळ्या किड्यांमध्ये सर्वांत लांब किडे आमच्याच कुळातले, हे तुमच्या पुस्तकातही लिहिलेले असेल. आता एवढे मोठे शरीर घेऊन आम्ही जन्मभर काय करतो, तर लपतो. झुळूक आली की डुलतो, कारण खरी काडी डुलते. धक्का लागला की पाय आवळून खाली पडतो आणि मेल्याचे सोंग घेतो. पक्षी कंटाळून निघून जातो, तरी आम्ही आपले पडलेलेच.

या लपण्याचा मला फार अभिमान होता. पण लपण्यानेच माझे वाटोळे झाले. ते सांगायचे आहे म्हणून आज बोलते आहे. माझ्या मागच्या दोन पायांना आता फांदी नीट धरवत नाही, तेव्हा उद्यावर टाकण्यात अर्थ नाही.

माझा जन्म बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात झाला. या खोलीत जे लोखंडी कपाट दिसते ना, त्याच्या डोक्यावर, भिंतीला चिकटून तो डबा असे. आत ओली वाळू आणि वाळूवर अंडी. आमचे अंडे मसुराच्या दाण्याएवढे, तपकिरी, कडक आणि हुबेहूब बीसारखे. त्याला एका टोकाला चिमुकले झाकणसुद्धा असते. ते झाकण ढकलून मी बाहेर आले. एवढ्याशा अंड्यात एवढी लांब पोर मावते कशी, असे कोणालाही वाटेल. घडी घालून मावते. पण घडी उलगडताना माझा एक पाय अंड्यातच अडकला. दिवसभर मी ते टरफल पायात घेऊन फरफटत होते.

मग किडेकाकांनी मला पाहिले.

किडेकाका म्हणजे या खोलीचे रखवालदार. संग्रहालयाच्या मागच्या बाजूची ही एक खोली, तिच्यात काचेचे सात पिंजरे, आणि ते सगळे त्यांच्याकडे. शाळेतून येणारी मुले त्यांना किडेकाका म्हणत, म्हणून पुढे सगळेच म्हणू लागले. त्यांनी ओल्या कुंचल्याने ते टरफल भिजवले, जरा वेळाने ओढले, आणि माझा पाय टरफलाबरोबर निघून आला. "अरेरे," ते म्हणाले, "रडू नकोस गं, उगवेल परत." मी रडत नव्हते, आम्हाला रडता येत नाही. पण पाय खरेच उगवला. आम्ही वाढताना कात टाकतो, उलटे टांगून घेऊन जुन्या कातडीतून बाहेर पडतो. प्रत्येक कातीगणिक माझा पाय थोडा थोडा परत आला. तो आजही इतर पायांपेक्षा आखूड आहे. काढलेली कात आम्ही खाऊन टाकतो. तोंडे वाकडी करू नका, नखे खाणारे तुमच्यातही आहेत.

माझी वाढ होईपर्यंत काकांनी माझे जे केले, ते मी विसरणार नाही. ते रोज सकाळी सायकलच्या मागे पेरूच्या डहाळ्या बांधून आणायचे. पाने दोनदा धुवायचे, कारण फवारलेले औषध एका पाण्याने जात नाही. डहाळ्या पाण्याच्या बाटलीत खोचून बाटलीच्या तोंडात कापूस कोंबायचे, म्हणजे आमच्यातली लहान पोरे पाण्यात पडून बुडत नसत. मग पानांवर बारीक तुषार उडवायचे. आम्ही पानावरचेच थेंब पितो.

आणि सगळ्यांत शेवटी ते आमच्या पिंजऱ्याच्या तळाचा पांढरा कागद हळूच बाहेर ओढायचे.

मित्रांनो, हा कागद नीट लक्षात ठेवा. आम्ही अंडी कुठे जपून ठेवत नाही. जिथे असू तिथून खाली टाकतो. टप. रानात ती पाचोळ्यात पडतात आणि बी समजून कोणी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. काही जातींची अंडी तर मुंग्या घरी नेतात, त्यांच्यावरचे बोंड खातात आणि अंडे वारुळात सुखरूप ठेवून देतात. इथे मुंग्या नव्हत्या, काका होते. आमची लेंडी आणि आमचे अंडे, दोन्ही तपकिरी, दोन्ही एवढीएवढीशी. पण काकांकडे एक युक्ती होती. ते कागद दोन्ही हातांनी धरून जरासा तिरका करत. अंडी गोल असल्यामुळे घरंगळत खालच्या कडेला येत आणि लेंड्या जागेवर राहत. आलेली अंडी ते डब्यात ठेवत आणि आठवड्यातून दोनदा वाळूवर पाणी शिंपडत. अंड्यातून पोर बाहेर यायला कित्येक महिने लागतात. तेवढे महिने वाळू सुकली नाही पाहिजे.

आम्ही चार बहिणी होतो. नर एकही नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. आमच्या कुळात नराशिवायही अंडी फळतात आणि त्यांतून मुलीच निघतात. काका शाळेच्या मुलांना हे सांगत तेव्हा बरोबरच्या बाई गडबडीने मुलांना फुलपाखरांकडे घेऊन जात.

काका मुलांना गमती भरभरून सांगत, पण आमचे करायचे कसे, ते त्यांनी कोणालाच सांगितले नाही. संग्रहालयाचे मोठे साहेब दर दोन-तीन महिन्यांनी दारात उभे राहून म्हणत, "काका, हे सगळं एकदा वहीत लिहून काढा बुवा. उद्या तुम्ही रजेवर गेलात तर आम्ही काय करायचं?"

"लिहायचं काय त्यात, साहेब? सगळं इथं आहे," असे म्हणून काका कपाळावर बोट आपटत.

साहेब गेले की ते मला म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची, काय समजलीस? माझ्या बापानं गिरणीतलं यंत्र कसं चालवायचं ते लिहून दिलं. अगदी आकृत्या काढून दिलं. पुढच्याच महिन्यात त्याला घरी बसवलं. मी नाही फसायचा." अंड्यांचा डबा ते कपाटावर भिंतीशी ढकलत आणि पुढे जुन्या पाट्यांची चवड लावत. ताकास तूर लागू देत नसत.

मला तेव्हा ते अगदी पटले. लपणाऱ्याला लपवणारा पटतोच. आज मात्र मला त्यांचा राग येतो, आणि राग आला की लगेच त्यांची आठवण येऊन वाईटही वाटते.

एका सोमवारी काका आले नाहीत. मंगळवारीही आले नाहीत. पाने वाळून त्यांच्या सुरळ्या झाल्या. दाराबाहेर कोणीतरी कोणाला सांगत होते की काकांना पक्षाघात झाला, उजवे अंग गेले, वाचा गेली. आमच्या खोलीचे कुलूप उघडायचे कोणाला सुचले नाही. तोवर आम्ही दोघीच बहिणी उरलो होतो. पाचव्या दिवशी सकाळी माझी बहीण फांदीवरून पडली. आधी मला वाटले, नेहमीचे सोंग आहे. मी बराच वेळ वाट पाहिली. ते सोंग नव्हते.

त्याच दुपारी साहेब एका बाईंना घेऊन आले. या बाई आधी एका इस्पितळात वॉर्ड सांभाळायच्या. इस्पितळ बंद पडले आणि त्या इकडे आल्या. त्यांनी आत येताच नाकाला पदर लावला आणि विचारले, "यांचं खाणंपिणं काय, कसं, काही लिहून ठेवलंय का?"

"नाही हो. सगळं काकांच्या डोक्यात होतं," साहेब म्हणाले. "पेरूची पानं खातात एवढं ठाऊक आहे."

बाई वाईट नव्हत्या, हे मी आधीच सांगून टाकते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पाणी पाजले. मी घटाघटा प्यायले. त्यांच्यामुळेच मी जगले. पण त्यांचा हात इस्पितळातला. त्यांना तळाशी एक कण दिसलेला चालत नसे. सकाळी झाडू, दुपारी झाडू, जाताना झाडू. कागदाऐवजी त्यांनी खाली पांढरी फरशी बसवून घेतली आणि ती रोज औषधाच्या पाण्याने पुसली. मी दिवसाला दोन-तीन अंडी टाकत होते. टप, टप. आणि बाई सुपलीत भरून ती बादलीत टाकत होत्या.

"इतक्या बिया येतात तरी कुठून?" त्या स्वतःशीच म्हणायच्या. "डहाळ्यांबरोबर येत असतील मेल्या."

मी काय करणार होते? मी डुलले, पाय आपटले, एकदा तर सुपलीतच जाऊन पडले. बाईंनी मला अलगद उचलून पुन्हा फांदीवर ठेवले. "सांभाळ गं म्हातारे," म्हणाल्या. मला माझ्या कुळाचा पहिल्यांदाच वैताग आला. आपण इतके बेमालूम का आहोत? अंड्यावर एखादा लाल ठिपका तरी असायला काय हरकत होती?

आता आमच्यापाशी उरले ते फक्त कपाटावरचे. माझी आणि बहिणींची पहिली अंडी त्या डब्यात होती. मी एकटी उरलेली होते. डबा वाचला तर आमचा वंश वाचणार होता, नाहीतर या काचेत पुढे खरोखरच रिकाम्या काड्या राहणार होत्या. आणि डब्यातली वाळू दिवसेंदिवस सुकत चालली होती. मला कपाट दिसत होते. पण बघून कुठे पाणी शिंपडता येते?

दोन महिन्यांनी काकू काकांना चाकांच्या खुर्चीत बसवून घेऊन आल्या. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. काकांचा उजवा हात मांडीवर पडलेला होता, तोंड एका बाजूला उतरले होते. मी शक्य तेवढी डुलले. त्यांनी मला ओळखले, डोळे चमकले. मग त्यांची नजर खाली गेली, तळाकडे.

फरशी लख्ख होती.

"बघा, किती स्वच्छ ठेवलंय बाईंनी! तुमच्या वेळी केवढा पसारा असायचा," काकू कौतुकाने म्हणाल्या.

काकांच्या घशातून एक आवाज निघाला. शब्द नव्हता. त्यांनी डावा हात उचलून कपाटाच्या डोक्याकडे दाखवला. पुन्हा पुन्हा दाखवला. बाई स्टुलावर चढल्या, पाट्यांची चवड बाजूला केली आणि डबा खाली काढला. उघडला तर आत कोरडी ठणठणीत वाळू आणि मूठभर 'बिया'.

"अगंबाई, बिया जमवल्यात! पेरायच्या आहेत का काका?"

काका जोरजोरात मान हलवू लागले. नाही, नाही. काही सांगायचे होते आणि जिभेवर ते येत नव्हते. ज्या हाताने लिहायचे नाकारले, तो हात आता उचलतही नव्हता. ते ओक्साबोक्शी रडू लागले.

"त्यांना हल्ली सारखं रडू येतं," काकू पदराने त्यांचे तोंड पुसत म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, मनावर घेऊ नका. पेरा तुम्ही खुशाल. झाडांचा नाद होताच त्यांना."

खुर्ची दाराबाहेर गेली तरी रडणे ऐकू येत होते. मित्रांनो, त्या खोलीत खरे काय ते जाणणारे आम्ही दोघेच होतो, आणि दोघेही मुके.

बाईंनी दुसऱ्या दिवशी एक कुंडी आणली, खिडकीत ठेवली, माती भरली आणि सगळी अंडी वरवर पेरली. "काकांची आठवण," म्हणाल्या. आणि वॉर्डातल्या औषधाच्या वेळा पाळाव्यात तशा त्या रोज ठरल्या वेळी पाणी शिंपडू लागल्या. म्हणजे बघा, बाईंच्या एका हाताने माझी नवी अंडी बादलीत जात होती आणि दुसऱ्या हाताने जुन्या अंड्यांना पाणी मिळत होते. हसावे की रडावे ते मला कळेना. मी आपली खिडकीकडे बघत राही. एक महिना झाला, दोन झाले. कुंडीवर पांढरी बुरशी धरली. बाईंनी मातीवरची काही अंडी उचलून पाहिली, ती पोकळ होती. "किडक्या दिसतात," म्हणाल्या आणि टाकून दिल्या. माझा उरलासुरला धीर सुटला. मी खाणेही कमी केले.

तिसरा महिना सरता सरता एका सकाळी बाई कुंडीवर वाकल्या आणि ओरडल्या, "उगवलं! उगवलं गं, म्हातारे!"

मातीतून एक बारीक हिरवट दोरा उभा होता. बाईंनी आनंदाने त्यावर अलगद फुंकर घातली. दोरा डुलला. फुंकर थांबली तरी तो जरा वेळ डुलतच राहिला. मग त्याने एक पाय पुढे टाकला.

बाई एक पाऊल मागे सरकल्या. त्या कितीतरी वेळ त्या पोरीकडे पाहत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्याखालच्या लख्ख फरशीकडे, मग कोपऱ्यातल्या बादलीकडे. बादली रिकामी होती, कचऱ्याची गाडी नुकतीच गेली होती. तरी त्या धावत फाटकापर्यंत गेल्या आणि तशाच धापा टाकत परत आल्या. स्टुलावर बसल्या.

"त्या बिया नव्हत्या," त्या हळूच म्हणाल्या. "अगं, रोज तीन-तीनदा झाडलं गं मी. पाच महिने झाडलं." आणि त्या माझ्यासमोर काकांसारख्याच रडल्या.

मग डोळे पुसून त्यांनी झाडू घेतला आणि फरशीवर पांढरा कागद पसरून त्यावर आपटला. झाडूच्या काड्यांमध्ये काय काय अडकले होते, ते सगळे बाहेर आले. तो कागद तसाच जपून ठेवून त्यांनी काकूंना निरोप धाडला.

काका दुसऱ्या दिवशी आले. बाईंनी आधी त्यांना ती पोर दाखवली, काचेच्या बरणीत, पेरूच्या कोवळ्या पानावर. तिलाही एक पाय कमी होता, अंड्यातच राहिला होता. काका हसले, अर्ध्याच तोंडाने, पण हसले. मग बाईंनी तो कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. "यात अंडी कुठली आणि घाण कुठली, मला कळत नाही हो काका. कसं ओळखायचं?"

काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. झाकली मूठ उघडायची त्यांना सवय नव्हती. मग त्यांनी डाव्या हाताने कागदाची कड धरली आणि जराशी उचलली. कचरा जागेवर राहिला. चार अंडी घरंगळत बाईंच्या तळहातात आली.

बाईंनी त्याच दिवशी एक वही आणली आणि दोरीने माझ्या पिंजऱ्याला बांधली. पहिल्याच पानावर त्यांनी लिहिले आहे, 'कागद तिरका करावा.' काका आता दर गुरुवारी येतात. हाताने दाखवतात, बाई लिहितात. चुकले की काका मान हलवतात, आणि आता ती मान कोणी आजारपणाच्या खाती टाकत नाही.

पण माझ्यासाठी उशीर झाला आहे, मित्रांनो. कागद परत आला तो माझी अंडी संपत आल्यावर. मूठभरांतून एक पोर आली, झाडूतून चार अंडी मिळाली. ती पोर मोठी होईल का, ते मला दिसणार नाही. मी पडले की मला टाचणी लावून चौकटीत ठेवतील आणि तेव्हा मात्र तुम्हाला मी लगेच दिसेन.

म्हणून जाता जाता एवढेच मागते. तुम्हाला जे येते, ते कोणाला तरी शिकवून ठेवा. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जे येते, ते त्यांना बोलता येते तोवर विचारून घ्या. आणि एखादी गोष्ट कचरा वाटली, तर फेकण्याआधी एकदा कागद तिरका करून पाहा.

आज सकाळी बाई बाटलीच्या तोंडात कापूस कोंबत होत्या. माझ्याकडून एक अंडे सुटले. बहुधा शेवटचे. टप.

बाईंनी हातातले काम तसेच टाकून मान वर केली.

"ऐकलं हं," त्या म्हणाल्या.